पाच वार घोंगडं आणि मी

वस्त्र कुठलंही असो, ते नेसायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही, असं लग्नानंतर अकरा वर्षं माझं ठाम मत होतं.

हे मत मी बहारीनमध्ये दर शुक्रवारी गाडीत बसून, हॉर्न वाजवून जाहीर करायचो. वर तिसऱ्या मजल्यावर सुनंदा, म्हणजे आमची ही, साडी नेसत असायची. ती खाली आली की मी विचारायचो, "नेसत होतीस की विणत होतीस?" (हा विनोद मी अकरा वर्षं केला. ती एकदाही हसली नाही. मला वाटायचं, तिला विनोद कळत नाही.)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सलमाबादला एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळायचो. मॅनेजर स्कॉटलंडचे. त्यांचं नाव 'मॅक'पासून सुरू होऊन बरंच लांब जायचं; आम्ही मॅकसाहेबांवरच थांबायचो. दर जानेवारीत ते आपल्या जनाबियाच्या व्हिलावर त्यांच्या स्कॉटिश गाववाल्यांना आणि आम्हाला जेवण द्यायचे. त्या वर्षी त्यांनी एक जादा 'ग्रेट किल्ट' मागवला होता. आपण चित्रात पाहतो तो तिकडच्या पुरुषांचा शिवलेला घागरा नव्हे, त्याचा खापरपणजोबा! चौकड्यांचं पाच वार जाडजूड लोकरी कापड. शिलाई नाही, नाडी नाही. कमरेला पट्टा आवळायचा, उरलेलं खांद्यावर टाकायचं.

"कोण नेसणार?" साहेबांनी विचारलं.

"फक्त पाच वार?" मी म्हणालो. "साहेब, आमच्याकडे नऊ वार नेसतात. निऱ्या आमच्या रक्तात आहेत!"

साहेबांनी लगेच ऑफिसातच धडा दिला. जमिनीवर पट्टा ठेवला, त्यावर कापड पसरलं, मधोमध निऱ्या घातल्या आणि एकदम त्यावर उताणे पडले! "पाणी आणा, पाणी!" म्हणत मी धावलो. पण ते नेसत होते. दोन्ही टोकं पोटावर घेतली, पट्टा आवळला आणि उभे राहिले. एकदम टापटीप! आडवं पडून नेसायचं म्हटल्यावर मला वाटलं, हे तर माझ्या स्वभावाचंच वस्त्र.

घरी गठ्ठा पाहून सुनंदा म्हणाली, "हे घोंगडं कुणाचं?"

"मी नेसणार आहे. दहा मिनिटांत!"

तिने पोळी तव्यावर टाकली आणि शांतपणे म्हणाली, "एकट्याने नेसा. आणि तिथलं जेवण संपेपर्यंत अंगावर टिकवून दाखवा. जमलं तर मी जन्मभर दहा मिनिटांत तयार होईन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर माझ्या साडीच्या निऱ्या जन्मभर तुम्ही धरायच्या. खाली बसून."

"यल्ला! चला, मंजूर!"

जेवणाच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी हॉलमधला सोफा भिंतीला लावला. निऱ्या सुरेख पडल्या. मग लक्षात आलं, पट्टा खाली ठेवायचाच राहिला! परकरात नाडी ओवतात तसा मी तो उलथन्याने आत सरकवू लागलो. पट्टा गेला, निऱ्याही गेल्या. दुसऱ्या खेपेला पट्टा आधी ठेवला, पण मी आडवा पडलो तो फूटभर खाली. पट्टा आला छातीवर! आमची सहा वर्षांची पिंकी दारातून म्हणाली, "मम्मी, बाबा लुक्स लाइक अ बेडिंग."

"बघू नको गं," सुनंदा आतून म्हणाली, "त्यांचं अजून पहिलं मिनिट चाललंय."

तिसऱ्या खेपेला जमलं. ऐटीत उभा राहिलो आणि पायांना वारा लागला. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती, तरी असं मोकळं बाहेर कसं जायचं? एवढं पाच वार कापड आणि कासोटा नाही? विसरले असतील साहेब! मी पुढचं टोक दोन पायांमधून मागे नेलं आणि कमरेला घट्ट खोचलं.

जनाबियाच्या हिरवळीवर साहेबांनी माझ्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. मागे बराच वेळ थांबले. "इंटरेस्टिंग," ते म्हणाले. (साहेब 'इंटरेस्टिंग' म्हणाले की वर्कशॉपमध्ये आम्ही तो कॉम्प्रेसर भंगारात काढायचो.) मग त्यांनी हळूच सांगितलं, "मागचं ते सोड."

मी कासोटा सोडला. तेव्हा कळलं, सगळा डोलारा त्या कासोट्यावरच उभा होता! तेवढ्यात टेपवर त्यांची ती पिशवीवाली पिपाणी, बॅगपाइप, सुरू झाली आणि माझ्या हातात मटणाचं भलंमोठं ताट आलं. ते मिरवत टेबलापर्यंत न्यायचं होतं. चौथ्या पावलाला पट्टा सैल झाला. सहाव्याला घोंगडं निघालं. मी दोन्ही गुडघे जुळवून ते पकडलं आणि हिरवळीच्या मधोमध पुतळ्यासारखा उभा राहिलो.

"सुनंदा! अगं, जरा इकडे ये."

"का हो? जेवण झालं का?" ती खुर्चीतूनच.

"निसटतंय!"

"मदत मागताय का? तसं स्पष्ट सांगा."

"मागतो! मागतो! लवकर ये गं बाई!"

ती आली. ताट साहेबांच्या हातात दिलं, मला आडोशाला नेलं. बांगडीतल्या दोन सेफ्टी पिना काढून दातांत धरल्या आणि मला उभ्याउभ्याच बोटांवर निऱ्या घालून ते घोंगडं नेसवलं. चार मिनिटांत! खलास! साहेब ताट धरून बघतच राहिले. म्हणाले, "मी तीस वर्षं जमिनीवर लोळतोय!" आणि लाजत स्वतःचा सुटलेला पदर तिच्यापुढे केला. त्या दुपारी तिने तीन स्कॉटिश पुरुषांच्या निऱ्या नीट केल्या. मी पिना धरून उभा होतो.

आता आम्ही गावी असतो. लग्नकार्याला निघताना खाली रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारतो. मी फरशीवर उकिडवा, हातात निऱ्या, वरून हुकूम येतोय, "ती तिसरी वाकडी आहे, पुन्हा धरा!" आणि मी मान खिडकीकडे वळवून जिवाच्या आकांताने ओरडतो, "अहो, थांबा की जरा! नेसायला वेळ लागतो!"