शंभुलिंग काचवाला आणि घरगाडीची खिडकी

तुळजापुरात सोलापूर रस्त्याला गाड्यांच्या काचा बसवणारे तिघं-चौघं आहेत. त्यांत शंभुलिंग सगळ्यांत हळू. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच्या पत्र्याच्या शेडला लागूनच आहे, त्यामुळं गेली बारा वर्षं त्याचं काम मी रोज बघते. समोरची काच बसवली की त्या दिवशी तो गाडी नेऊ देत नाही. देवीला आलेल्या जीपवाल्यांना घाई असते. ते वैतागतात, दोन शब्द बोलतात आणि पुढच्या शेडमध्ये जातात. शंभुलिंग त्यांना अडवत नाही.

तो नवा असताना एका जीपवाल्यानं ऐकलं नव्हतं. चिकटवलेली काच वाळायच्या आतच, तासाभरात त्यानं गाडी काढली. नळदुर्गच्या अलीकडं खड्ड्यात चाक आदळलं आणि काच सुटून आत आली. जिवावर बेतलं नाही, पण पुढं बसलेल्या बाईच्या हाताला अकरा टाके पडले. शंभुलिंग त्या बाईला भेटायला दवाखान्यात गेला होता. "घाई आमालाच होती, तुमची काय चूक?" असं ती म्हणाली म्हणे. त्याला ते पटलं नाही. तेव्हापासून हा माणूस धास्तावलेलाच असतो. कुठल्याही गाडीचं काम झालं की चारदा फेरी मारून बघतो, गाडी गेल्यावरही रस्त्याकडं बघत उभा राहतो.

मागच्या फेब्रुवारीत त्याच्या शेडसमोर एक लांबलचक पांढरी गाडी येऊन थांबली. आत पलंग, ओटा, बेसिन, छोटंसं संडास. येणारे-जाणारे वाकून बघायला लागले. गाडी अमरसिंह सरांची. सर माकणीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई शाळेत शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांची फुप्फुसं खराब झाली आणि ऑक्सिजनचं मशीन कायमचं मागं लागलं. रेल्वेनं लांबचा प्रवास करायची दोघांनाही भीती वाटायची. मुलगी हर्षाली इंदूरला, तिचे दिवस भरत आलेले. बाळंतपणाला आईनं तिथं असलंच पाहिजे, असं राजेश्वरीबाईंच्या मनानं घेतलेलं. म्हणून सरांनी ही गाडी जुनी विकत घेतली होती. बाई तिला घरगाडी म्हणायच्या.

अडचण अशी झाली होती, की सोलापूरच्या एका रंगाऱ्यानं रंग देण्यासाठी बाहेरचं सगळं सामान काढलं होतं. छतावरचं हवेचं झाकण, पलंगाशेजारची खिडकी, वरचे दिवे, मागची शिडी. गाडी रंगवून झाली आणि रंगारी भावाच्या लग्नाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. सामान दोन पोत्यांत भरून सरांनी गाडी इकडं आणली.

"नऊ दिवसांत निघायचंय," सर म्हणाले.

"सर, म्या असली गाडी कदी केली न्हाय," शंभुलिंग म्हणाला.

"काच ती काच हो. तुमचंच काम आहे."

सर त्यांच्या दुसऱ्या गाडीनं माकणीला गेले. शंभुलिंगनं त्याच दुपारी खिडकी हातात घेतली, कारण त्यातल्या त्यात ते काम त्याच्या ओळखीचं होतं. मोटारीच्या काचेला करतो तसंच त्यानं केलं. कडेला ब्रशनं काळं प्रायमर फिरवलं, वर पीयू म्हणतात तो काळा डिंक बंदुकीनं ओढला, खिडकी बसवली, पट्टे आवळले. काळी रेघ इतकी सरळ आली होती, की मीसुद्धा बाहेर येऊन बघितली.

मग उरलेल्या सामानाला काय लावायचं, हा प्रश्न आला. रस्त्यापलीकडं बलभीमचं हार्डवेअरचं दुकान आहे. बलभीम म्हणाला, "सिलिकॉन मार सगळ्याला. न्हाणीघरात चालतंय, गाडीला का चालंना?" पण छतावरच्या झाकणाला आधीच्या कुणीतरी सिलिकॉनच लावलं होतं आणि ते दुधावरच्या सायीसारखं सोलून निघत होतं. शिवाय त्याचा तेलकट थर राहिला, की वर दुसरं काहीच धरत नाही. शंभुलिंगनं बलभीमकडून तीन तऱ्हेच्या नळ्या आणल्या, बाकावर मांडल्या आणि त्यांच्याकडं नुसता बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होते, तेवढ्यात तो हातात प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. छतावरच्या झाकणाची बाहेरची कड एका कोपऱ्याशी रंगाऱ्याकडून मोडली होती, तिचा तुकडा.

"वृषालीताई, ह्ये बघा."

आदल्या दिवशी काम झाल्यावर त्यानं प्रायमरचा ब्रश त्या तुकड्याला पुसला होता. जिथं ब्रश पुसला, तिथं बारीक-बारीक चिरा पडल्या होत्या, केसासारख्या. त्यानं तुकडा जरासा वाकवला. कट्‌कन मोडला.

"ह्ये आन् ती खिडकी, दोनी एकाच मालाची हाय," तो म्हणाला. "काच न्हाय ती. आक्रिलिक."

मी प्रायमरच्या कंपनीचा माहितीचा कागद इंटरनेटवरून काढून छापला आणि त्याला वाचून दाखवला. काच आणि रंगवलेला पत्रा यांच्यासाठी योग्य, असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं, की अशा प्लॅस्टिकला प्रायमर लावू नये, तडे जातात. ते वाक्य त्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

खिडकी मात्र समोर झकास दिसत होती. मी म्हटलं, "अण्णा, तुकडा पातळ होता. खिडकी जाड आहे. हिला काही झालं नसेल."

"काठ काळ्याखाली झाकलाय ताई. आपल्याला दिसणारच न्हाय. दिसंल ते वाटंत, उन्हानं तापल्यावर." तो गाडीत चढला, पलंगापाशी उभा राहिला. ऑक्सिजनचं मशीन ठेवायची जागा बरोबर त्या खिडकीखाली होती. दोन स्क्रूंनी बसवलेली फळी आणि वर लाईटचा प्लग. त्यानं त्या प्लगवर तळहात ठेवला आणि काढलाच नाही.

बलभीम येऊन बघून गेला. "असू दे. वर्षभर तरी टिकंल. कोन बघतंय?" म्हणाला.

शंभुलिंगनं सरांचा नंबर लावला आणि उचलायच्या आत कापला. परत लावला, परत कापला. त्याला वाटत होतं, खिडकी अखंड निघाली तर कुणाला काही सांगायला नको. काठ घासून साफ करू, दुसऱ्या पद्धतीनं बसवू. दुपारी त्यानं बारीक तार घेतली, काळ्या डिंकात घातली आणि दोन्ही टोकं धरून हळूहळू ओढत निघाला. तीन बाजू सुटल्या. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मी खिडकीच्या खाली हात धरून उभी होते. चौथ्या कोपऱ्याशी टक्‌ असा आवाज झाला. फार मोठा नव्हता. तडा वीतभर आत गेला.

त्यानं खिडकी खाली ठेवली, काठावरचं काळं प्लॅस्टिकच्या पातीनं खरवडलं. चारी बाजूंनी चिरांचं जाळं झालं होतं. ती तशीच गाडीवर राहिली असती तरी फुटलीच असती. मी त्याला तसं म्हटलं. त्यानं मान हलवली, पण त्याचा चेहरा काही सैल झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. राजेश्वरीबाई कारमध्ये मागं बसल्या होत्या, नाकाला नळी, शेजारी छोटा सिलिंडर. शंभुलिंग पुढं गेला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"सर, खिडकी म्या घालवली."

सगळं त्यानं सांगितलं, ब्रशपासून तारेपर्यंत. फोन दोनदा कापला तेही. सरांचा आवाज चढला. "अहो, नवी खिडकी यायला महिना लागतो! आमच्याकडं सात दिवस आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं, तर हात कशाला लावलात?"

"व्हय सर. इचारायला पायजे हुतं."

राजेश्वरीबाईंनी कारची काच खाली केली. एक-एक वाक्य त्या थांबून बोलायच्या. "तुम्ही सांगितलं नसतं, तर आम्हाला कधी कळलं असतं?"

"इथं तर कळलं नसतं बाई. वाटंत कळलं असतं."

त्यांनी घरगाडीच्या त्या चौकोनी भोकाकडं बघितलं. पडल्या-पडल्या बाहेर बघता यावं म्हणून पलंग त्यांनी मुद्दाम त्या खिडकीला लावून घेतला होता, हे मला नंतर कळलं. मग म्हणाल्या, "पत्रा लावून बंद करता येईल?"

"येतंय."

"मग करा. पण या वेळी आधी बघून लावा, काय लावायचं ते."

पुढचे तीन दिवस शंभुलिंग परीक्षेला बसल्यासारखा होता. एका लाकडी फळीवर त्यानं रंगवलेला पत्रा, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक यांचे तुकडे ठोकले आणि प्रत्येकावर प्रत्येक नळीची रेघ ओढली. काही तुकडे उन्हात ठेवले, काही बादलीत बुडवले. सकाळ-संध्याकाळ नखानं उचकटून, वाकवून, ओढून बघायचा. मधल्या वेळात झाकणाचं जुनं सिलिकॉन खरवडायचा. प्लॅस्टिकला थिनर नाही, नुसतं साबणाचं पाणी. जेवणाचा डबा तसाच परत जायचा.

तिसऱ्या दिवशी त्याचं ठरलं. सिलिकॉनच्या नळ्या त्यानं बलभीमला परत केल्या. पीयूचा डिंक खरं तर सगळ्यांत घट्ट धरत होता, पण तोच त्याला नको होता. "नवी खिडकी आल्यावर पत्रा काढायचाय. ह्येनं धरलं तर रंगासकट निघंल," असं तो म्हणाला. झाकणाला आणि पत्र्याला त्यानं ब्युटाइलची पट्टी घेतली. मळलेल्या कणकेसारखी मऊ असते, कधी वाळत नाही आणि स्क्रू आवळले की दाबून बसते. दिव्यांना आणि शिडीच्या पायांना हायब्रिड नावाचं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा डिंक, घेतलं. त्यानं प्लॅस्टिकला काही केलं नव्हतं आणि वाळल्यावरही ते रबरासारखं लवत होतं.

सगळं बसवल्यावर सर म्हणाले, वॉशिंग सेंटरला नेऊन पाणी मारू. शंभुलिंगनं नको म्हटलं. त्या जोराच्या फवाऱ्यानं चांगलं कामही उचकटतं. शेडवर चढून त्यानं साधा पाईप गाडीच्या छतावर सोडला. आत पलंगावर, फळीवर, जमिनीवर आम्ही माझ्या दुकानातले कोरे कागद अंथरले, थेंब पडला तर दिसावा म्हणून. राजेश्वरीबाई पुढच्या सीटवर बसल्या, मी पलंगापाशी.

वीस मिनिटांनी झाकणाच्या जवळ टप्प झालं. कागदावर रुपयाएवढा डाग.

"अण्णा, पाणी!" मी ओरडले.

तो शेडवरून कसा उतरला मला आठवत नाही. आत येऊन त्यानं आधी डाग बघितला. झाकणाच्या चारी बाजूंनी त्यानं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. कोरडं. मग वरून शोधताना सापडलं. झाकणापासून हातभर अंतरावर जुन्या अँटेनाचं भोक होतं. रंगाऱ्यानं ते नुसती पुट्टी भरून रंगवून टाकलं होतं. शंभुलिंगनं पुट्टी कोरून काढली, पट्टी आणि छोटी चकती लावून भोक बंद केलं. पण नंतर तो म्हणाला, आज नको, उद्या परत पाणी सोडू. पट्टी बसली की स्क्रू अजून एकदा हलक्या हातानं आवळावे लागतात.

"आणि उद्या काही निघालं, की परवा?" सर चिडून म्हणाले. "तिकडं मुलगी वाट बघतेय."

"थांबू एक दिवस," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "मशीनला पाणी लागलं तर मी काय करणार आहे?"

दुसऱ्या दिवशी तासभर पाणी सोडलं. कागद कोरडे राहिले. ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा गाडी निघाली.

त्यानंतरचे दोन दिवस शंभुलिंग कामात नव्हताच. दर थोड्या वेळानं माझ्याकडं येऊन "धुळ्याकडं काय हवामान हाय?" विचारायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर अवकाळीचा इशारा दिसला. मी तो त्याला दाखवला नाही, पण त्यानं माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं. चारच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. राजेश्वरीबाई. त्यानं स्पीकर लावला. पलीकडं पत्र्यावर खडे ओतल्यासारखा आवाज.

"गारा पडताहेत," बाई म्हणाल्या. "आम्ही एका ढाब्यापाशी थांबलोय."

"वरच्या झाकणाला हात लावून बघायला सांगा सरांना. चारी कोपरे."

थोडा वेळ नुसत्या गारा ऐकू आल्या. मग सरांचा आवाज आला, "कोरडं आहे."

"पत्र्याची खालची कड?"

"कोरडी आहे शंभुलिंग. मशीन चालू आहे, ही पडून आहे. इथं आत बरंच उबदार आहे."

शंभुलिंग माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला. मी पाणी दिलं, ते त्यानं सगळं पिऊन टाकलं आणि अजून मागितलं.

इंदूरला ते दुसऱ्या दिवशी पोहोचले आणि पाचव्या दिवशी हर्षालीला मुलगी झाली. एप्रिलच्या शेवटी घरगाडी परत तुळजापुरात आली, तेव्हा नवी खिडकीही येऊन पडली होती. पत्रा सहज निघाला, रंगाला ओरखडासुद्धा नाही. नवी खिडकी शंभुलिंगनं पट्टीवर बसवली. सर तिथंच खुर्ची टाकून बसले होते. या वेळी त्यांनी किती वेळ लागेल असं एकदाही विचारलं नाही. राजेश्वरीबाईंनी नातीचे फोटो दाखवले. शंभुलिंगनं ते बघितले, "लई ग्वाड हाय," म्हणाला आणि पुन्हा गाडीच्या मागं जाऊन शिडीचे पाय हलवून बघायला लागला.