पान क्रमांक नसलेलं वाक्य

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. अकोल्याच्या कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, तेही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, त्यामुळे लोकांचा समज वेगळा झाला. पण आवाज मोठा असला म्हणजे माणूस धीट असतो असं काही नाही. माझा आवाज तर भीतीनंच मोठा झाला.

ही गोष्ट एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, साठच्या दशकाच्या मध्यावरची. मी अमरावतीला इंग्रजी घेऊन शिकत होतो. अमेरिकन साहित्याचा पेपर तेव्हा नवाच लागला होता. जुने प्राध्यापक तो जुन्याच रीतीनं शिकवायचे. लेखक कुठल्या साली जन्मला, बाप काय करायचा, घरची स्थिती कशी होती, हे सगळं आधी आणि मग वेळ उरलाच तर पुस्तक. त्या तासाला माझं लक्ष नसायचं. एखाद्याचा बाप काय करायचा हा प्रश्न कानावर आला की, तो अमेरिकेतल्या मेलेल्या माणसाबद्दल असला तरी मी मान खाली घालून वहीत काहीतरी खरडायला लागायचो.

माझा बाप अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. गाव पातूरच्या बाजूचं. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, भिंतीवरचे देव उतरले आणि तिथं एक तसबीर लागली. ती तसबीर माझ्या ट्रंकेत तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असायची. आडनाव गावावरून पडलेलं असल्यानं त्यावरून काही कळायचं नाही आणि मी कुणाला कळू दिलं नाही.

मग आमच्या सरांनी नवी रीत आणली. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. उन्हाळ्यात कुठल्याशा अभ्यासशिबिराला जाऊन आले ते पुस्तकांची एक पेटी आणि एक नियम घेऊन. लेखकाचा जन्म, घर, बाप, आजार, सगळं विसरायचं. पुस्तकात जे छापलंय तेवढंच खरं. त्याबाहेरचं एक अक्षर बोलायचं नाही आणि आतलं बोलायचं तर आधी पान क्रमांक सांगायचा. "मत नंतर, पान आधी," हे त्यांचं वाक्य आम्ही त्यांच्या माघारी त्यांच्याच आवाजात म्हणायचो.

वर्गातली पोरं वैतागली. मला मात्र सावलीत बसल्यासारखं वाटलं. हा कोण, कुठला, कोणाचा, हे विचारायचंच नाही, अशी अभ्यासाची रीत जगात आहे आणि तिला विद्वान लोक मानतात, यावर माझा विश्वासच बसेना. मी तिला घट्ट धरलं. सरांना वाटलं, मुलगा हुशार आहे. त्यांनी मला एका पेपरऐवजी लघुप्रबंध लिहायला सांगितलं, पेटीतली एक कादंबरी दिली आणि राहायला खोलीही मिळवून दिली.

खोली सरांच्या थोरल्या बहिणीची. त्या विधवा होत्या, त्यांना सगळे माई म्हणत. घर देवळाच्या मागच्या गल्लीत. सर दोन घरं सोडून राहायचे आणि रोज सकाळी चहाला बहिणीकडे यायचे. पहिल्या दिवशी माईंनी घरी काय करतात विचारलं. मी शेती म्हणालो. आमच्याकडे हातभर शेतही नव्हतं.

कादंबरीही नेमकी माझ्याच गोष्टीसारखी निघाली. तिथला एक काळा माणूस, पण रंगानं उजळ. दुसऱ्या शहरात जातो, आपल्या जन्माबद्दल अवाक्षर काढत नाही आणि एका गोऱ्या बाईच्या घरी भाड्यानं राहतो. पहिली तीस पानं वाचली आणि मी पुस्तक उशीखाली घातलं. वाटलं, सरांना कळलंय, म्हणून मुद्दाम हेच दिलं. मग वाटलं, त्यांना कळलं असतं तर खोलीच दिली नसती. असे दोन्हीकडून हिशेब करण्यात माझे दिवस जायचे.

सरांनी कार्डांची पद्धत शिकवली होती. पुस्तकातली एकेक गोष्ट एकेका कार्डावर लिहायची, उजव्या कोपऱ्यात पान क्रमांक टाकायचा आणि मग कार्डं लावून प्रकरण लिहायचं. विकतची कार्डं कोण घेणार? माईंनी जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिला. त्या मधोमध कापून कोऱ्या बाजूला मी लिहायचो. एका बाजूला कुणाचं तरी कुलदैवत, दुसऱ्या बाजूला माझा काळा माणूस.

माईंचा माठ मधल्या ओसरीत होता, माझ्या दारापासून दहा पावलांवर. मी त्याला कधी हात लावला नाही. सापडायचंच असेल तर निदान त्या अपराधात सापडायला नको, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कोपऱ्यावरच्या नळावर नाहीतर कॉलेजात पाणी प्यायचो. माईंना वाटायचं मी लाजरा आहे. "घ्या की हातानं, घरचेच आहात," म्हणायच्या. मी हसायचो आणि तहान नाही म्हणायचो. अमरावतीचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना हे खोटं किती मोठं होतं ते कळेल.

बाबांना मी खोलीवर येऊ देत नव्हतो. अमरावतीला आले तर यष्टी स्टँडवरच भेटायचं असं सांगून ठेवलं होतं. पहिल्या वेळी त्यांनी थट्टा केली, "काहून रे, खोलीत कोणी आणून ठेवलं का काय?" त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आवरलं. नंतर दर वेळी ते भाकरी आणि ठेचा बांधून स्टँडवरच्या बाकावर बसून राहायचे. खोली कशी आहे, घरमालकीण कशी आहे, त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला त्याची लाज वाटायची, पण भीतीपुढे लाजेचं काही चालायचं नाही.

तिसरं प्रकरण एप्रिलमध्ये सरांना दिलं. रविवारी सकाळी त्यांनी घरी बोलावलं. हातात लाल-निळी पेन्सिल, समोर माझे कागद आणि शेजारी कादंबरी. एका जागी पेन्सिल थांबली.

"हे कुठल्या पानावर आहे?"

मी वाकून पाहिलं. इंग्रजीत लिहिलेलं, मराठीत सांगायचं तर असं, की त्या घरातल्या पाण्याच्या भांड्याला नायक स्वतःहून कधी हात लावत नाही. उद्या सापडलाच, तर निदान पाणी बाटवल्याचा आरोप तरी डोक्यावर यायला नको, एवढाच त्याचा विचार असतो.

त्या कादंबरीत असं काही नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. त्या बाईच्या घरात माठ नव्हता आणि तिथले लोक पाणी बाटतं असं म्हणत नाहीत. कुठल्यातरी दुपारी, घसा कोरडा पडला असताना, वाचता वाचता ते मी एका कार्डावर लिहिलं असणार आणि पान क्रमांक न टाकताच ते गठ्ठ्यात गेलं असणार. नंतर कार्डं लावताना मला ते पुस्तकातलंच वाटलं. लिहिताना इतकं खरं वाटलं, की पानाची आठवणही झाली नाही.

मी पुस्तक घेऊन पानं उलटू लागलो. नसलेली गोष्ट किती वेळ शोधायची? सरांनी उलटू दिलं. मधे एकदा मान वर केली, तर ते पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे पाहत होते. परीक्षेत, मुलाखतीत, कुठंही तशी नजर मला पुन्हा भेटली नाही, आणि ती भेटेल या भीतीनं मी पुढं कित्येक वर्षं लोकांच्या डोळ्यांत नीट पाहिलं नाही.

शेवटी ते शांतपणे म्हणाले, "शोधून आणा. नाही सापडलं तर काढून टाका."

पुढचे आठ दिवस मी कान टवकारून काढले. माईंनी हाक मारली की त्या हाकेत काही वेगळं आहे का ते ऐकायचो. सकाळी चहाच्या वेळी भाऊबहिणीचं बोलणं दाराशी उभं राहून ऐकायचो आणि त्यात माझं नाव नसलं तरी घाबरायचो. ट्रंकेला दोनदा कुलूप घालून पाहिलं. खोली गेली तर परीक्षेच्या तोंडावर राहायचं कुठं? आणि सर रागावले तर प्रबंध गेला. प्रबंध गेला तर नोकरीही गेली, कारण अकोल्याच्या कॉलेजानं वर्ग चांगला मिळाल्यास घेऊ असं म्हटलं होतं. ते वाक्य मी मुकाट्यानं काढलं, कार्ड फाडलं आणि सुधारलेलं प्रकरण सरांना नेऊन दिलं. त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. वाटलं, सुटलो.

त्यानंतरच्या सोमवारी कॉलेजातून आलो तर माझ्या दाराबाहेर, तिवईवर, एक नवा माठ होता. वर झाकण, झाकणावर पितळी पेला, शेजारी लांब दांड्याचं ओगराळं. माई ओसरीत उभ्या होत्या. दारापाशी आल्या नाहीत.

"ऊन वाढलंय," त्या म्हणाल्या. "तुमचं वेगळं असलेलं बरं. तुम्हाला इकडं यायला नको."

आवाजात राग नव्हता. उलट नेहमीपेक्षा जास्त मऊ होत्या. कळलेलं होतं ते फक्त सरांना, आणि सरांनी ते बहिणीला सांगितलं होतं. मला हाकललं नाही, भाडं वाढवलं नाही, अपशब्द नाही. ज्या गोष्टीला मी दोन वर्षं भ्यालो, ती झाकण घालून, थंड पाणी भरून माझ्या दारात आणून ठेवली होती. मी पाणी प्यालो. तहान लागली होती.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी मी बाबांना पोस्टकार्ड टाकलं की या खेपेला खोलीवर या, आणि गल्लीचा पत्ता लिहिला.

ते आले. टोपी हातात घेऊन दाराबाहेरच थांबले. मी आत बोलावलं, माठातलं पाणी दिलं. त्यांनी दोन पेले पाणी घेतलं, ओसरीतला दुसरा माठ पाहिला, पुन्हा हा पाहिला.

"हा माठ तुह्या एकट्याचाच हाय का?"

मी हो म्हणालो. त्यांनी पेला झाकणावर पालथा ठेवला, जागच्या जागी, अगदी जपून.

"मंग आता कायचं भेव?" ते म्हणाले. "ज्याचं भेव होतं ते त झालं."

त्यांना वाटलं तशी माझी भीती गेली नाही. पण ते गेल्यावर मी ट्रंक उघडली, तसबीर काढून खिडकीत ठेवली आणि तिसऱ्या प्रकरणाचे कागद घेऊन टंकलेखन करणाऱ्याकडे गेलो. ते वाक्य जसंच्या तसं परत घातलं. त्यानं तळटिपेचा आकडा टाकला आणि विचारलं, खाली पान कोणतं? मी म्हणालो, आकडा राहू द्या, पुढं काही नको. सरांना न दाखवता मी तो प्रबंध बांधून दाखल केला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी माझ्या सदऱ्याची पाठ भिजली होती. टेबलाच्या पलीकडे दोघंच, बाहेरचे एक वयस्क परीक्षक आणि सर. बाहेरच्यांनी इंग्रजीतून बरंच विचारलं, मी उत्तरं दिली. मग त्यांनी तिसरं प्रकरण उघडलं आणि त्यांचं बोट पानाच्या तळाशी थांबलं. ही टीप रिकामी कशी? नायक पाण्याच्या भांड्याला हात लावत नाही, हे आलं कुठून? मूळ पुस्तकात मला तरी आठवत नाही.

सरांनी मान खाली घालून ते पान वाचलं. त्यांना ते तिथं असल्याचं तेव्हाच कळलं. ते आता मला उघडं पाडतील, आपल्या मार्गदर्शनाखाली हे झालेलं नाही म्हणतील, आणि त्यात त्यांची काही चूकही नसेल, असं मला वाटलं. इंग्रजी शब्द सगळे पळाले. मी मराठीत म्हणालो, "सर, हे पुस्तकात नाही. हे माझ्या खोलीच्या दाराबाहेर आहे."

परीक्षकांना काही उमगलं नाही. त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी त्या रिकाम्या टिपेवर बोट ठेवलं. मत नंतर, पान आधी, असं आयुष्यभर सांगणारा तो माणूस.

"संदर्भ बरोबर आहे," ते म्हणाले. "मी रोज सकाळी पाहतो."