चार बोटं

परवा गल्लीतून वरात गेली, फटाक्यांच्या दारूचा वास खिडकीतून आत आला, आणि मी थेट पारनेरच्या माळावर, आमच्या नव्या विहिरीच्या काठावर जाऊन बसले. स्वातंत्र्याला अजून दोन-तीन वर्षं होती. माझं वय नऊ, अक्कल शून्य. काळ्या खडकात सुरुंग उडाला की आतल्या पोकळ्या उघड्या पडत आणि त्यांत खडीसाखरेसारखे टोकदार स्फटिक चमकत. मी त्यांना हिरे म्हणायचे. सुरुंग लावायला ठेवलेले एक म्हातारे बाबा हसायचे, "हिरा कशाचा गं बाय, गारगोटी हाय ती! बार झालं की देतो काढून." बारांनीच त्यांचे कान गेलेले, म्हणून काठावर बसून बार मोजायचं काम त्यांच्या बायकोचं. एक जरी कमी वाजला, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी खाली उतरायचं नाही, असा नियम. त्या दिवशी ती बाजाराला गेली होती, म्हणून मोजायला बसल्या आमच्या जवाहीरबाई, म्हणजे मीच. वाती चार पेटल्या, आवाज तीनच झाले. धूर विरल्यावर बाबांनी विचारलं, "किती झालं?" तीन म्हटलं तर हिरा उद्यावर जाणार! मी चार बोटं वर केली. ते दोराला धरून उतरले, आणि चौथा बार झाला. तिन्हीसांजेला त्यांची बायको मातीत बसून एकच विचारत होती, "मोजलं कुनी?" काका म्हणाले, "त्यानंच मोजलं असंल, बहिऱ्यानं." मी आईच्या पदराआड उभी होते. आता नव्वदीला टेकले; माझे सगळे आगाऊपणे नातवंडांना रंगवून सांगते, हा एक सोडून.