अठरावं वचन

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी सौंसरच्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. आमचं घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मंडळी दहा-बारा घरांची, रविवारची उपासना एकाच्या ओसरीवर व्हायची. तिला पांढुर्ण्याहून एक म्हातारे उपदेशक बसने येत. आधी ते शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शास्त्र मी वाचत असे, अर्थ ते सांगत.

दोन वर्षं आम्ही बायबलातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, वाचलं. सात डोक्यांचं श्वापद, फुटणारे शिक्के, चार रंगांचे घोडे. बाकीचे उपदेशक श्वापदाला कुठल्या तरी देशाचं नाहीतर पुढाऱ्याचं नाव देऊन मोकळे व्हायचे. गुरुजींना ते खपत नसे.

"ज्याईच्यावर जुलूम होऊन राहिला होता, त्याईले धीर द्याले हे लिहिलं," ते म्हणायचे. "उघड लिहिलं असतं तर जीव गेला असता. म्हणून चिन्हं. चिन्हाचा अर्थ आधी त्याच पानावर शोध. अन् शेजाऱ्याचं तोंड श्वापदाले लावू नको."

हे मी वहीत उतरवून घेतलं होतं. वर्गात मुलांशीही मी त्यांच्यासारखी थांबत थांबत बोलायला लागले होते.

सतराव्या अध्यायात किरमिजी श्वापदावर एक बाई बसलेली आहे. जांभळी वस्त्रं, अंगावर सोनं, हातात प्याला. ही कोण, असं मी विचारलं होतं.

"अठरावं वचन वाच."

वाचलं. ती बाई म्हणजे राजांवर राज्य करणारं एक नगर.

"पाहिलं? बाई नाहीच ते. शहर होय." ते लहान मुलासारखे हसले.

माझी मोठी बहीण तेव्हा माहेरीच होती. लोधीखेड्याला दिली होती, नवरा मारायचा. चार वर्षांनी रीतसर सोडचिठ्ठी झाली. हंगामात ती संत्र्याच्या पेट्या भरायला जाई. तिथे रामाकोन्याच्या एका बौद्ध घरातल्या फिटरशी तिची ओळख झाली. दोघांना लग्न करायचं होतं. तिने हे फक्त मला सांगितलं, आणि मी फक्त गुरुजींना. वाटलं, ते घरच्यांना समजावतील.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चिंता नको करू माय. मी पाहतो."

पुढच्या महिन्यात पांढुर्ण्याला आसपासच्या मंडळ्यांची सभा होती. मंडप भरला होता. ताई बायकांमध्ये बसलेली. गुरुजी म्हणाले, "सतरावा अध्याय." मी आनंदाने उभी राहून वाचू लागले. सहाव्या वचनावर त्यांनी हात वर केला. "पुरे."

मग म्हणाले, ही बाई दूर कुठे नाही, आपल्यातच आहे. नवऱ्याचं घर सोडून आली, आता परक्या धर्मात निघाली. नाव घेतलं नाही. रामाकोना म्हणाले, पेट्या म्हणाले. माना वळल्या.

"गुरुजी, अठरावं वचन राहिलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"राहू दे. बस खाली."

आणि मी बसले. पुस्तक माझ्या हातात होतं, डोळे माझे चांगले होते, तरी मी बसले.

ताई उठून गेली. मी मागे धावले, ती बसस्टँडवर सापडली.

"तू सांगतलं त्याईले?"

"हो."

"काऊन?"

बस आली, मी तिच्यामागे चढले. सौंसरपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून होती. महिन्याभरात छिंदवाड्याला कचेरीत नोंदणी करून त्यांनी लग्न केलं. मला बोलावलं नाही.

मी उपासनेतलं वाचन सोडलं. एकदा गुरुजीच शाळेत आले, काठीने पायरी चाचपत. "वाचणारं कोणी नाही माय."

असं का केलं, ते मी विचारलं.

"पेट्या भरणाऱ्या बायाईकडून मंडळीतल्या मोठ्याईच्या कानावर आधीच गेलं होतं. मी बोललो नसतो तर मलेच काढलं असतं. या वयात कुठं जाऊ?"

"म्हणजे अर्थ माहीत होता तुम्हाला."

"होता ना," ते म्हणाले.

न समजून बोलले असते तर मी कदाचित माफ केलं असतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी वर्गात निघून गेले.

वर्षभराने मी रामाकोन्याला ताईकडे गेले. तिने चहा केला, शाळेचं विचारलं, संत्र्याला यंदा बहार कसा आहे ते सांगितलं. तिला दिवस गेले होते, हे मला परतताना तिच्या शेजारणीकडून कळलं.