गणिताला प्रॅक्टिकल नसतं म्हणून

मंडळी, दुपारचं एक वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून कॉलेज सुटल्यावर थेट नेट कॅफेत येऊन बसलेय.

आज आमच्या गणित विभागात कुंभार पिंपळगावची एक मुलगी वडिलांना घेऊन आल्ती. बी.ए.ला गणित, मार्क छान. "मॅडम, एम.एस्सी.ला बी.ए. चालतं का?" म्हटलं, बिलकुल चालतं, फक्त शेवटच्या वर्षाला गणित हवं. पोरगी इतकी हसली की मलाच बरं वाटलं.

मग पुढची अट सांगावी लागली. आता एम.एस्सी.ला कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल सक्तीचं झालंय. ते पास झाल्याशिवाय पदवी नाही, आणि ते सुटतं संध्याकाळी.

पोरीनं पिशवी उचलली. तिच्या गावची शेवटची बस त्याआधीच निघते. आपल्याकडं खेड्यातल्या कितीतरी मुली गणित घेतात ते यासाठीच. प्रॅक्टिकल नसतं, दुपारची बस मिळते, मग घरचेही शिकू देतात.

"जाऊ द्या अप्पा," ती हळूच म्हणाली. "चला, बस जाईल."

अप्पा काही उठले न्हाईत. "बसमुळंच गणित घेतलं व्हतं हिनं," ते मला म्हणाले. "आता बसमुळं सोडायचं न्हाई. मॅडम, पोरीसाठी इथं एखादी खोली बघता का?"

तर सांगा, इथं कॉलेजजवळ, जुन्या जालन्यात कुणाच्या ओळखीत घरगुती खोली आहे का? जरा जल्दी सांगा.

आणि हो, गणित मीही बसमुळंच घेतलं होतं. जीव नंतर जडला. तुमचा विषय तुम्ही निवडला होता, की बसनं?