बिनफोटोची सुनंदा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फ्लेक्सवाल्या सलीमलाही नाही—आणि सलीमला जे कळत नाही ते चौसाळ्यात घडलेलंच नसतं. तुम्हाला सांगतोय. का, ते शेवटी येईलच. त्याआधी थोडी बढाई मारू द्या. कबुली द्यायला बसलेला माणूस बढाई मारतो का? मी मारतो.

आमचं ‘खुंटा’ नावाचं अ‍ॅप आहे. कुठल्या मेंढीला लस कधी दिली, कुठली शेळी गाभण, कुठली आजारी, याची नोंद ठेवतं. फुकट आहे, आणि खुलंही आहे—म्हणजे त्याचा कोड कुणीही उघडून बघावा, चुकलेलं दुरुस्त करावं आणि परत पाठवावं. मी कॉम्प्युटर क्लास चालवतो. रिकाम्या वेळात ते लिहिलं, नेटवर ठेवलं आणि लोक तुटून पडायची वाट बघत बसलो. ‘हातभार लावणारे’ असं एक पान केलं होतं. वर्षभर त्यावर एकच नाव होतं. कुणाचं, ते ओळखा.

आमच्या हायवेवर एक ढाबेवाला आहे. गिऱ्हाईक नसलं की तो स्वतःचीच जीप आणि मेव्हण्याचा टेम्पो दारात उभा करून ठेवतो. मोकळ्या दारापुढं कुणी थांबत नाही, म्हणतो. त्याचा चहा पिता पिता मला वाटलं, आपल्याही दारात एखादी गाडी असावी. एकच. लहानशी.

तर—सुनंदा. गाव युसूफ वडगाव. माझी जीप.

दुसरं खातं उघडलं आणि सुनंदाच्या नावानं माझ्याच चुका दुरुस्त करायला लागलो. नियमही कडक केले: कारण लिहिल्याशिवाय बदल पाठवायचा नाही, आणि दुसऱ्यानं तपासल्याशिवाय तो आत घ्यायचा नाही. सुनंदाचं काम मी तपासायचो, माझं सुनंदा. मी जाहीरपणे लिहायचो, “सुनंदाताई, फारच नेमकं काम.” एकदा तिनं माझी अशी एक ढोबळ चूक काढली की दिवसभर मला तिचा रागच आला होता. हसू नका. बरं, हसा.

मग मला सुचलं की हातभार लावणाऱ्याचा फ्लेक्स लावायचा. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे लागतात, तर कोड लिहिणाऱ्याचा का नको? सलीमनं फोटो मागितला. मी म्हणालो, फोटो नाही.

“बिनफोटूचा फ्लेक्स वाचतं कोण बे?” सलीम म्हणाला, आणि त्यानं फोटोच्या जागी गुलाब टाकला. ‘खुंटा प्रकल्पास पहिला हातभार लावल्याबद्दल सौ. सुनंदाताई (युसूफ वडगाव) यांचे हार्दिक अभिनंदन.’ खाली शुभेच्छुक म्हणून मी. माझा फोटो मात्र गुलाबाच्या दुप्पट.

आणि तुम्हाला सांगतो—लागला ना निशाणा!

तलवाड्याच्या मंगलताई सासऱ्यांबरोबर एसटीनं माहेरी निघाल्या होत्या. गाडी आमच्या चौसाळा फाट्यावर थांबली. सासरे मेंढपाळ, फ्लेक्स दिसला की मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. वाचून झाल्यावर म्हणाले, “वडगावची सून कॉम्प्युटरचं करती व्हय? मग आपली कावून न्हाई?” लग्नाआधी दोन वर्षं कॉम्प्युटरचं कॉलेज करून घरी बसलेल्या बाईला, गुलाबाच्या एका फुलापायी, घरातून हो मिळालं.

आठवड्यात त्यांचा निरोप आला. “सर, मला कोडमधलं थोडं येतं, मेंढरातलं सगळं येतं.”

मी अ‍ॅपमध्ये आजारांच्या यादीत ‘आंत्रविषार’ असं ऐटीत लिहून ठेवलं होतं. मंगलताईंनी विचारलं, हे कोणती मेंढी म्हणते? त्यांनी ती यादीच उलटी केली. आजाराचं नाव नाही, दिसतं ते निवडायचं: पोट फुगलंय, मान टाकलीय, कळपामागं राहतंय. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाज घातले. तिथून जे सुरू झालं! गावोगावचे लोक चुका कळवायला लागले, आपले शब्द पाठवायला लागले, शिकलेली पोरं कोड लिहायला लागली. प्रत्येक नव्या माणसाचा फ्लेक्स लागायचा. एका आजोबांनी यादीला आपला आवाज दिला, तर ते स्वतःचा फ्लेक्स बघायला शेळीला घेऊन आले, कारण फोटोत तीही होती. आज ‘हातभार लावणारे’ हे पान संपता संपत नाही. मी जिंकलो होतो हो. अजूनही जिंकलेलोच आहे.

मग कबुली कसली? तेवढ्या एका जीपची?

नाही. थांबा. सांगतो.

पहिला मेळावा आम्ही चौसाळ्याला शाळेच्या हॉलमध्ये घेतला. शाल घालायला मंगलताईंना पुढं बोलावलं, तर त्या हातात एक घोंगडी घेऊन उभ्या. सासऱ्यांनी मुद्दाम विणून घेतलेली. माइकवर म्हणाल्या, “आदी सुनंदाताईंला. मग मला.”

हॉलभर टाळ्या. मी काय केलं असेल? सुनंदाताईंच्या घरी लग्न आहे असं ठोकून दिलं आणि त्यांच्या वतीनं घोंगडी स्वीकारली. ती माझ्या कपाटात आहे. थंडीत पांघरतोही. लई ऊबदार आहे.

हेही नाही. अजून खाली आहे.

मेळाव्यानंतर मंगलताई प्रकल्पाच्या पानावरून सुनंदाला खासगी निरोप पाठवायला लागल्या. कोडबद्दल नाही. जावा टोमणे मारतात, कॉम्प्युटरवाली म्हणतात, तेव्हा तुम्ही काय करता? मला वाटतं कधी कधी सोडून द्यावं. तुम्हाला वाटतं का? आणि मी—मिशा असलेला, चाळिशी उलटलेला माणूस—उत्तरं दिली. “मी हसून सोडून देते.” “सोडू नका, ताई.” कोणत्या अधिकारानं? एक बाई आपल्यासारख्या दुसऱ्या बाईशी मनातलं बोलत होती, आणि पलीकडून मी वाचत होतो.

मग एक दिवस निरोप आला की पुढच्या आठवड्यात वडगावला येतेय, पत्ता द्या, भेटू.

मी गप्प बसलो. सुनंदाही बसली. मंगलताईंनी दोनदा लिहिलं. तिसऱ्यांदा एवढंच: “ताई, माझं काही चुकलं का?”

मी ते वाचलं. खातं बंद केलं.

चार वर्षं झाली. मंगलताई आता नव्या माणसांचं काम तपासतात, आणि प्रत्येकाला पाठवायच्या स्वागताच्या निरोपात आजही पहिलं वाक्य असतं—आपल्याकडे पहिला हातभार सुनंदाताईंचा. माणसं वाढत जातात तसं ते वाक्य आणखी दूर जातं. परवा मी धीर केला. म्हणजे, अर्धाच. ‘हातभार लावणारे’मधून सुनंदाचं नाव काढलं आणि बदल पाठवून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘जुनी नोंद.’

नियमाप्रमाणे तो तपासायला मंगलताईंकडे गेला. तासाभरात परत आला. खाली शेरा: “सर, नाव कावून काढलं? कारण पुरेसं न्हाई. नीट लिहून परत पाठवा.”

खोटं सांगणार नाही, आधी मला अभिमानच वाटला. ज्यानं प्रकल्प सुरू केला त्याचंही काम न बिचकता परत फिरवणारं माणूस आमच्याकडे आहे! एवढ्याचसाठी तर सगळा खटाटोप होता. मग रिकामा रकाना समोर राहिला.

तर मंगलताई, कारण वर लिहिलंय. हेच सगळं त्या रकान्यात टाकतोय. सुनंदा मी होतो. पहिला हातभार तुमचा.

आणि तिसऱ्या निरोपाचं उत्तर राहिलंय. नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.