विलंबाची कारणे काय आहेत?

फोन आला तेव्हा मी ऑफिसात स्टेटस मीटिंगमध्ये बसले होते. माझा नवरा मिलिंद एवढंच म्हणाला, "आई गेली." आणि माझ्या तोंडून निघालं, "हे खरे आहे काय?" असं कुणी बोलतं का? मीही एरवी "काय सांगतोस!" म्हणाले असते. पण सहा वर्षं सासूबाईंबरोबर एका घरात काढल्यावर... पलीकडे मिलिंद रडता रडता हसला. "होय," म्हणाला, "हे खरे आहे." त्याला आता दीड महिना झाला.

सासूबाई, म्हणजे सुलभाताई, मुंबईत सरकारी नोकरीत होत्या, खेड्यापाड्यांचं काम बघणाऱ्या एका खात्यात. कारकून म्हणून लागल्या आणि अधिकारी होऊन निवृत्त झाल्या. अधिवेशनात आमदार जे तारांकित प्रश्न विचारतात, त्यांना मंत्र्यांनी द्यायच्या उत्तरांचा मसुदा करायचा हे त्यांचं काम. त्या प्रश्नांचा साचा ठरलेला असतो. अमुक गावी अमुक झाले, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? अठ्ठावीस वर्षं हेच वाचल्यावर तो साचा त्यांच्या जिभेवर बसला होता. सासरे गेल्यावर, नाइन-इलेव्हनच्या हल्ल्यानंतरच्या वर्षी, त्या कायमच्या आमच्याकडे व्हर्जिनियात आल्या, तेव्हा मला वाटलं होतं की आता देव्हारा, लोणची आणि मराठी मालिकांच्या सीड्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आमच्या ईशाला डायनिंग टेबलापाशी उभं केलं. "फर्स्ट ग्रेडमधील कुमारी ईशा हिने दूध सिंकमध्ये ओतले, हे खरे आहे काय?" ईशा म्हणाली, "पार्शली ट्रू, आजी." आईंना इतका आनंद झाला की दुधाचं राहूनच गेलं. "अंशतः खरे आहे! अगं प्राजक्ता, ही जन्मजात आमच्या खात्यातली आहे!" मी मात्र वैतागले होते. घरात आल्यागेल्याची उलटतपासणी नको होती मला.

आमचं घर अ‍ॅशबर्नहून पश्चिमेला तासाभरावर, एका छोट्या काऊंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच. तिचं नाव सांगत नाही, तिथेच राहायचंय अजून. बाकी सगळी मराठी मंडळी, मंडळाचा गणपती, चितळ्यांसारखी बाकरवडी ठेवणारं दुकान, सगळं अ‍ॅशबर्नला. आम्ही स्वस्तात मोठं घर मिळतंय म्हणून शेतांच्या कडेला जाऊन पडलो आणि रोज सकाळी ट्रॅफिकमध्ये त्याची किंमत मोजत राहिलो. आईंना ड्राइव्ह करता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं जग म्हणजे पायी जाता येईल तेवढं. त्या जगात कुंपणापलीकडची बेट्टी आली. सत्तरीची, एकटी, गाई आणि कोंबड्या पाळणारी. आईंचं इंग्रजी सरकारी पत्रातलं, बेट्टीचं डोंगरातलं. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं, पण रोज सकाळी तासभर गप्पा व्हायच्या. आई बेट्टीकडून अंडी आणायच्या. स्वतः खायच्या नाहीत, आम्हांला करून घालायच्या.

एका सकाळी बेट्टी काचेचा जग घेऊन आमच्या दारात आली. तिच्या विहिरीचं पाणी होतं त्यात. दिसायला स्वच्छ, पण वास असा की आईंनी पदर नाकाला लावला. वरच्या टेकाडावर काऊंटीचा जुना कचरा डेपो होता, त्यातून काहीतरी झिरपत होतं असं बेट्टीचं म्हणणं. खालच्या बाजूला सात-आठ शेतघरं, सगळ्यांच्या आपापल्या विहिरी. आमची बोअरवेल नवी आणि खोल, तिला अजून काही झालं नव्हतं. काऊंटीची माणसं येऊन नमुने घेऊन गेली होती, मग गप्प. फोन केला की सांगायचे, काळजीचं कारण नाही. गाईसुद्धा तोंड लावत नव्हत्या त्या पाण्याला. बेट्टी दुकानातून बाटल्या आणून स्वतः पीत होती, आणि गाई विकायच्या का, असा विचार करत होती. चार पिढ्यांचं शेत होतं ते.

काऊंटी बोर्डाची महिन्याला सभा असते. तिथे कुणीही रहिवासी उभा राहून तीन मिनिटं बोलू शकतो. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा, की खाली बसायचं. बेट्टी बोलणार म्हणून आईंनी मला गाडी काढायला लावली. बेट्टी पोटतिडकीनं बोलली. तिचे आजोबा, ती विहीर, तहानेनं हंबरणाऱ्या गाई... लाल दिवा लागला. अध्यक्ष अगदी मनापासून म्हणाले, "थँक यू फॉर शेअरिंग युवर कन्सर्न," आणि पुढचं नाव पुकारलं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, किती छान बोलली ना? आई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "छान बोलली. पण तिनं प्रश्न विचारलाच नाही गं. गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्याचे आभार मानता येतात. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं."

दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत बसले होते, तेव्हा त्या समोर येऊन बसल्या आणि आपणहून सांगू लागल्या. त्या नोकरीत असताना एका गावच्या विहिरींबद्दल तारांकित प्रश्न आला होता. कारखान्याच्या सांडपाण्याने तीन विहिरी नासल्या, हे खरे आहे काय? आईंनी अहवाल मागवला. नासल्या होत्या दोन. तिसरी ठीक होती. "मग मी काय लिहिलं असेल? सांग." मी म्हटलं, दोन नासल्या असं. "नाही. मी लिहिलं, 'हे खरे नाही.' कारण तीन नव्हत्या ना! आणि पहिलंच खरं नाही म्हटल्यावर खालच्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर. 'प्रश्न उद्भवत नाही.' साहेबांनी शाबासकी दिली मला. सगळ्या शाखेला पेढे वाटले मी, बढतीचे..." त्यांनी माझ्या हातातली मेथीची काडी घेतली आणि मोडत बसल्या. "दोन विहिरींचं पाणी लोक पीत राहिले असतील, प्राजक्ता. माझं वाक्य बरोबर होतं." ज्या बाईला मी तीन वर्षं नुसती विचित्र समजत होते, तिच्या आत हे होतं. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघताना जरा भीतीच वाटली.

मग वर्षभराने बातमी आली की राज्याच्या आमदारांची एक समिती आमच्या काऊंटीत येणार. इथे काऊंटीचे अधिकार राज्याने सोपवलेले असतात. शेतजमीन, पाणी, कचरा याबाबतीत ते कसे वापरले, हे समिती काऊंटीच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारणार होती. आई खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे आपल्याकडे आमदारांची समिती झेडपी तपासायला येते तसंच की!" लोकांनी लेखी प्रश्न आपल्या आमदाराकडे द्यायचे, आमदाराला योग्य वाटले तर तो विचारणार. मी म्हटलं, आई, तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, तुम्ही मतदार नाही. "प्रश्न बेट्टीचा आहे. मी फक्त मसुदा करणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्याच नावानं लिहिलंय मी." पिवळ्या पॅडवर आधी मराठीत, मग इंग्रजीत, असं आठवडाभर चाललं. "विल द चेअरमन बी प्लीज्ड टू स्टेट" अशी सुरुवात होती. मी टाइप करताना ते काढलं. तेवढं त्यांनी चालवून घेतलं. पण त्यांचे चार प्रश्न मला अगदी बाळबोध वाटले. नमुने घेतले काय? अहवाल आला काय? मी पहिले दोन जोडून एक सुटसुटीत, वाचायला बरं वाक्य केलं: अनेक विहिरींचे नमुने घेऊन त्यांत दूषित पाणी आढळल्याचा अहवाल काऊंटीला मिळाला, हे खरं आहे का?

सकाळी त्यांनी प्रिंट वाचला आणि सहा वर्षांत एकदाच माझ्यावर आवाज चढवला. "अनेक म्हणजे किती? दूषित कुणी ठरवलं? काऊंटीला मिळाला म्हणजे कुणाच्या हातात? एका वाक्यात तीन दारं ठेवलीस तू, आणि तिन्ही उघडी! मी त्यांच्या जागी असते तर कुठल्याही दारानं निघून गेले असते. एका प्रश्नात एकच गोष्ट!" मला राग आला, रडूही आलं. पण ऑफिसला उशीर करून मी ते पुन्हा टाइप केलं, त्यांनी लिहिलं होतं तस्सं.

शाळेच्या जिममध्ये सुनावणी होती. बास्केटबॉलच्या रिंगखाली आमदार बसलेले, समोर काऊंटीचे अधिकारी. आमच्या भागाच्या आमदारबाई, गळ्यात साखळीचा चष्मा, त्यांनी बेट्टीचा कागद काढला. काऊंटीने बेट्टीच्या विहिरीतून नमुना घेतला, हे खरं आहे का? त्यांच्यातले एक अधिकारी उभे राहिले आणि काऊंटी पाण्याबाबत किती जागरूक आहे हे सांगू लागले. बाईंनी ऐकून घेतलं आणि कागदावर बोट ठेवून परत तेच वाक्य वाचलं. त्यातून निसटायला जागाच नव्हती. "येस." त्या नमुन्याचा अहवाल काऊंटीच्या कार्यालयात आला, हे खरं आहे का? ते शेजाऱ्याशी कुजबुजले. "येस, मॅम." असल्यास, तो बेट्टीला कळवला का? त्यांनी समोरच्या फाइलची पानं उलटली... "नो." नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? तो माणूस काही वाईट नव्हता. त्याने समोरची फाइल मिटली आणि म्हणाला, "देअर इज नो गुड रीझन." मी आईंकडे बघितलं. साडीवर माझा जुना विंटर कोट घातलेली पाच फुटांची बाई, पर्स मांडीवर धरून बसलेली. त्यांनी डोळे मिटले होते. "उत्तर आलं," एवढंच म्हणाल्या. माझ्या ओळखीत कुणी एवढं मोठं काम इतक्या कमी शब्दांत केलेलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांत बेट्टीच्या आवारात पिण्याच्या पाण्याची टाकी आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात डेपोच्या दुसऱ्या अंगाने पाइपलाइन. सगळ्या घरांना पाणी पोचायला आणखी वर्ष गेलं. तोवर घरांचे भाव पडले, आमच्या रस्त्यावर विक्रीच्या पाट्या लागल्या, लोक गेले. बेट्टीच्या गाई मात्र तिथेच आहेत. आईंचं हृदय सुनावणीच्या त्या हिवाळ्यापासून थकत चाललं होतं. बेट्टी रोज नळाचं पाणी त्याच काचेच्या जगमध्ये भरून आणायची आणि त्यांच्या उशाशी ठेवायची.

परवा त्यांची खोली आवरायला घेतली. कपाटात एक फाइल होती, परकराच्या नाडीने नीट बांधलेली. आत पिवळा कागद. त्या गावच्या ग्रामपंचायतीला लिहिलेल्या पत्राची स्थळप्रत, म्हणजे आपल्याकडे ठेवायची नक्कल, कोपऱ्यात पेन्सिलीने 'रवाना' असा शेरा. सुनावणीनंतरच्या आठवड्यातलं पत्र. वर मजकूर त्याच साच्यात. आपल्या गावच्या दोन विहिरी नासल्या होत्या, हे खरे आहे काय? होय, हे खरे आहे. हे खात्यातील संबंधितास ठाऊक होते, हे खरे आहे काय? होय. संबंधित म्हणजे मी. असल्यास, गावास कळविण्यात झालेल्या विलंबाची कारणे काय आहेत? आणि त्याखाली, सुवाच्य अक्षरात: एकही योग्य कारण नाही.

ग्रामपंचायतीचं उत्तर त्या फाइलमध्ये नव्हतं. मी त्यांचंच पॅड घेतलं आणि सरपंचांना लिहायला बसले. आधी बरंच काही लिहिलं, त्यांच्याविषयी, स्वतःविषयी, विहिरींविषयी. वाचून पाहिलं आणि पान फाडलं. नव्या पानावर एकच ओळ लिहिली: त्या दोन विहिरींपैकी पहिलीचं पाणी आज लोक पितात काय? दुसरीसाठी वेगळा कागद घेतला.